बहामासला पोकर टूर्नामेंट + फॅमिली ट्रिप, बजेट कसं लावू?

रिव्हरराव:
मंडळी, डिसेंबरात बायको-मुलांना घेऊन बहामासला जायचं डोक्यात आहे, पॅराडाइझ आयलंडवरचं अटलांटिस रिसॉर्ट. २०२३ पासून तिथे डब्ल्यूएसओपी (वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर) पॅराडाइझ भरतं, पहिल्या वर्षी मेन इव्हेंटचा (मुख्य टूर्नामेंटचा) बाय-इन, म्हणजे प्रवेश फी, ५,३०० डॉलर होता आणि गॅरंटी, म्हणजे एकूण बक्षिसांची किमान रक्कम, दीड कोटी डॉलर. मी ऑनलाइन छोटे टूर्नामेंट खेळतो, लाइव्ह फारसं नाही. थेट मेन इव्हेंटला बसू की छोटे साइड इव्हेंट? री-एंट्रीचे (बाद झाल्यावर पुन्हा फी भरून बसायचे) पैसे वेगळे ठेवायचे का? आणि फॅमिली बरोबर असताना हे जमतं का हो, की दोन्हीकडून शिव्या?

शॉर्टस्टॅक:
आधी हे बघ की मोठ्या टूर्नामेंटमध्ये साधारण १२-१५ टक्के लोकांनाच पैसे मिळतात, म्हणजे चांगला खेळणाराही बहुतेक वेळा रिकाम्या हाताने उठतो, आणि मिन कॅश (सगळ्यात छोटं बक्षीस) मिळाला तरी तो बाय-इनच्या दीड-दोन पट, त्यात तुझं विमानसुद्धा निघणार नाही. तेव्हा बाय-इनचे पैसे गेले असंच धरून चाल. री-एंट्री किती मारायच्या ते घरी बसून ठरव, तिथे नको. बस्ट झाल्यावर (चिप्स संपून बाद झाल्यावर) काउंटर दहा पावलांवर असतं, लेट रजिस्ट्रेशन अजून चालू असतं आणि डोकं गरम असतं, तिथेच सगळ्यांचं बजेट बोंबलतं.

फोल्डूशेठ:
सॅटेलाइट खेळ!! म्हणजे कमी फीची टूर्नामेंट, जिच्यात बक्षीस म्हणून मोठ्या टूर्नामेंटची सीट मिळते. मेन इव्हेंटला थेट पैसे भरायची घाई कशाला. पण सॅटेलाइट हा वेगळाच खेळ आहे हे लक्षात ठेव, तिथे पहिला येऊन काही जास्त मिळत नाही. समजा १० सीट आहेत आणि ११ जण उरलेत, तुझ्याकडे बऱ्यापैकी चिप्स आहेत, कोपऱ्यातल्या एकाकडे जेमतेम एक बिग ब्लाइंड (सक्तीच्या बोलीपुरते चिप्स), आणि तुझ्याहून जास्त चिप्सवाला ऑल-इन गेला, म्हणजे सगळे चिप्स लावले. तुझ्या हातात एक्क्यांची जोडी, म्हणजे सगळ्यात भारी पत्ते, असली तरी फोल्ड, पत्ते टाकून दे, कोपऱ्यातला बाद झाला की तुझी सीट पक्की. हो, एक्के! जिंकलास तरी तीच सीट मिळणार, हरलास तर बाहेर. ऑनलाइनवाल्यांना हे पचत नाही, ते चिप्स गोळा करत सुटतात.
आणि नशीबच बघायचं तर २०१९ ला त्याच अटलांटिसला २५,००० डॉलर बाय-इनच्या पोकरस्टार्स प्लेअर्स चॅम्पियनशिपला स्पेनचा रामोन कोलियास फुकट मिळालेल्या प्लॅटिनम पासवर बसला आणि ५१ लाख डॉलर घेऊन गेला. अर्थात त्याच्यासारखे फुकट पासवर बसलेले बाकीचे शेकडो कोणाला आठवतात.

समुद्रकाठ:
फॅमिलीचं मी सांगते, नवरा खेळतो म्हणून. डे वन (टूर्नामेंटचा पहिला दिवस) म्हणजे अख्खा दिवस गेला, रात्रीपर्यंत टिकला आणि उरलेले चिप्स बॅगेत बंद करून आला की डे टू परत दुपारपासून. म्हणून आधीच सांगून ठेवा की अमुक दिवस तुम्ही नसणार, "बस्ट झालो की येतो" हे उत्तर चालत नाही, मुलं वॉटर पार्कमध्ये रमतात पण बायको वाट बघत बसते ना. शिवाय परतीचं तिकीट तारीख बदलता येणारं घ्या, डे टू ला पोचलात आणि विमान सकाळचं असलं तर काय करणार? खोलीच्या भाड्यावर रिसॉर्ट फी आणि व्हॅट वेगळे लागतात, जेवण महाग. आणि स्वेटर न्या!! बाहेर ऊन आणि आत एसी असा की बोटं गारठतात.

रिव्हरराव:
स्वेटर 😂 धन्यवाद ताई. मग एक मेगा सॅटेलाइट, नाही लागला तर एखादा स्वस्तातला साइड इव्हेंट, बस. जिंकलो तर टॅक्सचं कसं?

शॉर्टस्टॅक:
बहामासमध्ये इन्कम टॅक्स नाहीच. पण तू राहतोस त्या देशात दाखवावं लागेल, जायच्या आधी सीएला विचार, आणि पैसे बाहेर पाठवायचे नियमही त्यालाच विचार. बहामियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीने चालतो त्यामुळे करन्सीचा वेगळा ताप नाही. गंमत म्हणजे तिथल्या नागरिकांना स्वतःच्या देशातल्या कॅसिनोत खेळायला बंदी आहे, पत्ते वाटणारा डीलर तिथला असला तरी तो स्वतः बसू शकत नाही.

फोल्डूशेठ:
सॅटेलाइटचं वेळापत्रक लागलं की इथे टाक रे, बबलवर (सीट मिळायला एकच जण बाद व्हायचा उरला असताना) कसं खेळायचं ते सविस्तर बोलू.