मदत हवी आहे: काळा घोडेस्वार (नाझगूल) टेबलवर आणला, पण कोणी घाबरतच नाहीये

मंडळी, जरा मोठं लिहितेय, सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही. आम्ही पाच जण, म्हणजे मी डीएम (गोष्ट सांगणारी, मॉन्स्टर चालवणारी) आणि चार प्लेअर, गेलं वर्षभर दर रविवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायची गोष्ट) खेळतो, फिफ्थ एडिशन, २०१४ ची जुनी पुस्तकं. सगळे आता पाचव्या लेव्हलला आहेत. जग माझं स्वतःचं आहे, मिडल-अर्थ (लॉर्ड ऑफ द रिंग्जचं जग) नाही, पण कॉलेजात असताना लॉर्ड ऑफ द रिंग्ज वाचलं तेव्हापासून त्यातले काळे घोडेस्वार माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत आणि कॅम्पेन सुरू केलं तेव्हाच ठरवलं होतं की असं काहीतरी मला टेबलवर आणायचंच आहे.

पुस्तकात बघा ना, सुरुवातीला हा घोडेस्वार काही करतच नाही. रस्त्यावर घोडा थांबतो, कोणीतरी वाकून हुंगल्यासारखा आवाज येतो आणि खाली झाडाच्या मुळांमागे लपलेल्या फ्रोडोला, म्हणजे पुस्तकाच्या नायकाला, एकदम त्याच्याकडची जादूची अंगठी, जिच्या मागावर ते घोडेस्वार आहेत ती, घालावीशी वाटायला लागते. बस एवढंच. तलवार नाही, मारामारी नाही, तरी मी ते पान रात्री वाचलं तेव्हा उठून खिडकी लावून घेतली होती. त्यांना आपल्यासारखं दिसत नाही, जिवंत माणसाच्या रक्ताचा वास मात्र येतो, हे तर अजूनच वाईट. त्यांची खरी ताकद भीतीत आहे, मनगटात नाही.

आता मी काय केलं ते सांगते. मॉन्स्टर मॅन्युअलमधला रेथ (एक अनडेड, म्हणजे मरूनही वावरणारा) घेतला, चॅलेंज (ताकदीचा आकडा) ५, एचपी (जिवाचे पॉइंट) ६७, भिंतीतून आरपार जाणं काढून टाकलं, हातात सुरी दिली आणि लाइफ ड्रेन (जीव शोषणं) त्या सुरीला जोडलं. वर एक भीतीचा सेव्हिंग थ्रो (वाचण्यासाठी टाकायचा फासा) लावला, विजडम, डीसी १४, म्हणजे किमान १४ यायला हवेत. कागदावर छान दिसत होतं हो. चार रविवार मी तयारी केली, आधी नुसत्या टापा, मग गावातली कुत्री गप्प होणं, मग सरायवाला यांना ओळख न दाखवता दार लावून घेतो, आणि हे सगळं मस्त जमलं, पोरं खरंच हळू आवाजात बोलायला लागली होती.

आणि मग परवा पडक्या बुरुजावर तो समोर आला, मी म्हटलं इनिशिएटिव्ह (लढाईत कोणाची पाळी आधी ते ठरवायचा फासा) टाका, आणि तिथेच सगळं संपलं. आमची रॉग (चोर-हेर) हाफलिंग (बुटक्या जमातीची) आहे, त्यांना भीतीच्या सेव्हला मुळातच अ‍ॅडव्हान्टेज असतो (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा), ती पास. पॅलाडिन (धर्मयोद्धा) पास. फायटर फेल झाला तर त्याने काय केलं, पुढे जाता येत नाही ना, मग जागेवर उभा राहून धनुष्य काढलं, डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा) घेऊन बाण मारत बसला. पहिल्या राउंडला घोडेस्वाराची सुरी रॉगला लागली, पॅलाडिनने स्माइट (दैवी वार) मारला, अनडेडवर एक जास्तीचा डी एट (आठ बाजूंचा फासा) मिळतो तो धरून तीन डी एट, आणि दुसऱ्या राउंडला क्लेरिकने (पुजाऱ्याने) टर्न अनडेड (अनडेडला पळवून लावणारी शक्ती) केलं, माझा सेव्ह फेल आणि माझा घोडेस्वार, ज्याच्यासाठी मी चार रविवार घालवले, तो पाठ फिरवून बुरुजावरून पळून गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं काही चुकलं नाही, नियमाप्रमाणेच खेळले. पण मला घरी येऊन फार वाईट वाटलं.

तर प्रश्न असा की हा मॉन्स्टर परत कसा आणू? एचपी दुप्पट करून आणि डीसी १८ करून तो भीतीदायक होणार नाही, फक्त चिवट होईल. टर्न अनडेड त्याच्यावर चालतच नाही असं म्हटलं तर क्लेरिकवर अन्याय होतो, त्याने तो क्लास घेतलाय कशासाठी. मिडल-अर्थवर फिफ्थ एडिशनसाठी निघालेली पुस्तकं आहेत हे माहीत आहे, पण त्यातली शॅडोची (मनावर पडणाऱ्या काळ्या छायेची) सगळी सिस्टिम आमच्या चालू कॅम्पेनमध्ये बसवायची म्हणजे मधेच सगळं बदलायला लागेल. मला हा एकच मॉन्स्टर नीट करायचाय. कोणी केलंय का असं काही? पुढचं सेशन रविवारी आहे.

रानवाटा
ताई, आधी ती भीतीची कंडिशन सोडा. फ्रायटन्ड (घाबरलेला) म्हणजे नियमात फक्त मायनस असतो, त्याने माणूस घाबरत नाही, हिशोब करतो. मी माझ्या टेबलवर असं करतो की सेव्ह फेल झाला की प्लेअरला दोन पर्याय द्यायचे: एकतर या टर्नला तू काहीच करू शकत नाहीस, नाहीतर भीती आत्ताच्या आत्ता जाईल पण मॉन्स्टरला जे हवंय ते तू कर. दिवा विझव, दाराची कडी काढ, मित्राचं नाव मोठ्याने उच्चार. कुठलं ते प्लेअरने स्वतः निवडायचं. फ्रोडो वेदरटॉपवर, म्हणजे त्या टेकडीवर घोडेस्वार समोर येतात तेव्हा, अंगठी घालतो ना, ते असंच आहे, कोणी त्याचा हात धरून घातलेली नाही. फायटर धनुष्य काढून बसला ते यात होणार नाही. आणि हाफलिंगचा अ‍ॅडव्हान्टेज काढू नका, तो राहू द्या.

जुना फासा
वर रानवाटा यांनी लिहिलंय त्याला +१. पण मला तुमच्या गोष्टीतली दुसरीच जागा दिसतेय. तुम्ही म्हणताय तो पळाला म्हणून सगळं बिघडलं. अहो, वेदरटॉपवर पण ते निघूनच जातात! ६ ऑक्टोबरची रात्र, पाच जण येतात, फ्रोडो अंगठी घालतो, त्याच्या खांद्यात सुरी बसते, अ‍ॅरागॉर्न (फ्रोडोचा वाटाड्या) पेटती लाकडं घेऊन धावतो आणि ते मागे हटतात. पहिल्यांदा वाचताना आपल्याला वाटतं वाचले. नंतर अ‍ॅरागॉर्न सांगतो की त्यांना वाटतंय काम झालंय, आता फक्त वाट बघायची. ती सुरी तो उजेडात धरतो तर पातं धुरासारखं विरून जातं आणि टोकाचा तुकडा जखमेत राहिलेला असतो, तो हळूहळू काळजाकडे सरकतो.

तुमच्या घोडेस्वाराची सुरी रॉगला लागली असं तुम्ही स्वतःच लिहिलंय.

डी अँड डीचा मोठा प्रॉब्लेम लाँग रेस्ट आहे, रात्री झोपलं की सकाळी सगळं भरलेलं. त्यामुळे ही जखम एचपीत ठेवूच नका, एग्झॉशनमध्ये (थकव्यात) ठेवा. २०१४ च्या नियमात त्याच्या सहा पायऱ्या आहेत आणि सहावी म्हणजे मरण. दर तिसऱ्या दिवशी एक पायरी चढवा आणि ती लाँग रेस्टने उतरत नाही असं ठरवा. हिशोब करा, सहावी पायरी अठराव्या दिवशी येते, आणि फ्रोडो तो तुकडा घेऊन १७ दिवस काढतो! मी हे मांडलं तेव्हा मलाच अंगावर काटा आला होता. औषधी पाल्याने, पुस्तकात अथेलास आहे, एक दिवस पुढे ढकलता येईल, बरं करता येणार नाही. लेसर रिस्टोरेशन या बरं करणाऱ्या स्पेलने तसंही जाणार नाही, त्यात एग्झॉशन नाहीये. ग्रेटर रिस्टोरेशन पाचव्या लेव्हलचा स्पेल आहे, तो मिळायला क्लेरिक नवव्या लेव्हलला हवा, आणि तिथेसुद्धा आधी तुकडा काढायला कोणीतरी जाणता वैद्य लागेल असं ठेवा. म्हणजे त्यांना कुठेतरी पोचायचंय, दिवस मोजत. आणि सहाव्या पायरीला मरण नको, कॅरेक्टर शीट तुमच्याकडे यावी, ती रॉग त्या घोडेस्वारासारखी होते.

फक्त एक, हे त्या प्लेअरला आधी एकटीला फोन करून सांगा आणि तिची हो असेल तरच करा. महिनाभर कोणाचं कॅरेक्टर खंगत जाणार असेल तर ते सरप्राइज म्हणून देऊ नये, माझ्या टेबलवर एकदा असं झालं आणि ती मुलगी परत आली नाही.

धागाकर्ती
जुना फासा, तुमचा प्रतिसाद वाचला आणि लगेच उठून वही काढली. पहिला राउंड, रॉगला १६ डॅमेज, सुरी. लिहिलेलं आहे. सेशन संपताना त्यांनी बुरुजावरच लाँग रेस्ट घेतला होता त्यामुळे तिने ते पुसून पण टाकलं असणार.

आत्ताच तिच्याशी बोलले. मी विचारलं, जखम भरली नसेल तर चालेल का, आणि पूर्ण हिशोब सांगितला, अठरा दिवसांसकट. ती थोडा वेळ गप्प होती मग म्हणाली बाकीच्यांना सांगू नकोस, मी पण नाही सांगणार, डावा हात गार पडलाय एवढंच मी खेळेन. ही हाफलिंग आहे म्हणून मला परवा राग आला होता, आणि आता वाटतंय हीच बरोबर आहे, कारण पुस्तकातला जादूगार गँडाल्फ फ्रोडोला म्हणतो ना की मोठमोठे योद्धे या तुकड्यापुढे लवकर खचले असते.

रानवाटा, तुमचे दोन पर्याय पण घेतेय, तो परत येईल तेव्हा. टर्न अनडेड चालूच ठेवणार, क्लेरिकने केलं की तो जाईल, दर वेळी जाईल. वैद्याचं ठिकाण नकाशावर चौदा दिवसांच्या वाटेवर टाकलंय, मधे एक नदी आहे आणि पावसाळा आहे. नदीला उतार शोधायला किती दिवस द्यावेत यावर कोणी सांगितलं तर बरं होईल, मी तीन धरलेत.