मदत हवी आहे: लॅपटॉप आणि लीगल साइझचे कागद न दुमडता मावतील अशी बॅग

नमस्कार मंडळी,

पावसाळ्याआधी कामाची बॅग घ्यायची आहे. दोन महिने शोधते आहे, मनासारखी मिळत नाहीये, म्हणून इथे विचारते. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचून सांगा ही विनंती.

मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते. वकील आहे, पण कोर्टात उभं राहण्यापेक्षा माझं काम घरांच्या कागदांचं जास्त. कुणी गृहकर्ज मागितलं की मालकी तपासायला बँक ते कागद आमच्याकडे पाठवते. मग तीस वर्षांची साखळी लावायची. कुणी कुणाला विकलं, वारसांची नावं चढली का, जुनं कर्ज फिटलं का, सगळं बघायचं. त्यामुळे माझ्या पाठीवर रोज लोकांच्या रजिस्ट्र्या म्हणजे खरेदीखतं, ऋणपुस्तिका (जमीनमालकाची सरकारी वही), खसऱ्याच्या म्हणजे जमिनीच्या नोंदींच्या नकला, निगमच्या (महापालिकेच्या) संपत्तिकराच्या पावत्या असतात आणि त्यांच्यासोबत १५.६ इंची लॅपटॉप. स्कूटरवरून घर ते मोती तबेल्याचं कलेक्टर ऑफिस, तिथून बँक, कधी बसने देवास नाहीतर महू.

अडचण मापाची आहे आणि ती दुकानदाराला सांगून पटत नाही. बॅगेवर १५.६ लिहिलेलं असतं ते स्क्रीनच्या कर्णाचं माप. असा लॅपटॉप साधारण ३६ सेंटिमीटर रुंद आणि २४-२५ सेंटिमीटर उंच असतो. कागदाचं काय होणार हे त्या आकड्यावरून अजिबात कळत नाही. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर लांब, तो कुठेही मावतो. लीगल कागद मात्र २१.६ बाय ३५.६ सेंटिमीटर, आणि जुन्या रजिस्ट्र्या त्याच्याच आसपासच्या. फोल्डरमध्ये घातल्यावर ३७-३८ होतात. म्हणजे बॅगेला आतून, चेन लावल्यावर, निदान ३९ सेंटिमीटर सरळ उंची हवी. पाठीवरच्या बहुतेक बॅगा वरून गोल असतात. लेबलवर उंची ४५ लिहिलेली असते, पण कागदाचे वरचे दोन्ही कोपरे त्या गोलाईत वळतात. नवा कागद वळला तर सरळ होतो. चाळीस वर्षांचा कागद घडीवर तुटतो.

कागदांचा एवढा घोर का, तेही सांगते.

गेल्या जुलैत एका काकूंची १९८४ सालची रजिस्ट्री माझ्याकडे होती. मुलाला वरचा मजला बांधायचा होता, त्यासाठी कर्ज हवं होतं. संध्याकाळी परतताना चोइथराम चौराह्याजवळ पाऊस असा कोसळला की थांबायलाही आडोसा मिळाला नाही. बॅग चांगल्या कंपनीची, टॅगवर 'वॉटरप्रूफ' छापलेलं, म्हणून मी निश्चिंत होते. घरी येऊन उघडली तर लॅपटॉप त्याच्या गादीच्या कप्प्यात कोरडा ठाक होता आणि मागच्या कप्प्यातल्या फाइलचा वरचा वीतभर भाग ओला. चेनचे दोन्ही रनर वर मधोमध भेटतात ना, तिथे बोटाएवढी फट राहिली होती. पाणी तिथूनच गेलं.

इस्त्री फिरवायचा मोह झाला होता, पण तसं केलं नाही. प्रत्येक पान वेगळं केलं, खाली-वर साधा टिश्यू ठेवला आणि पंखा हळू लावून रात्रभर वाळवलं. टाइप केलेला मजकूर शाबूत राहिला. ऑफिसचा जांभळा गोल शिक्का पसरला. शेवटच्या पानावर काकूंच्या मिस्टरांची शाईपेनची सही होती, ती फिकट निळा ढग होऊन गेली. खालची रेघ तेवढी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. रजिस्ट्रार ऑफिसातून प्रमाणित नकल काढून दिली, कर्जही झालं. काकू रागावल्या नाहीत. ते पान हातात धरून एवढंच म्हणाल्या, "अगं, ह्यांच्या हातचं तेवढंच राहिलं होतं." तेव्हापासून लॅपटॉपचा विचार मी दुसरा करते आणि कागदांचा पहिला. लॅपटॉप पैसे देऊन दुसरा आणता येतो.

वजनाचंही सांगते. परवा सगळं एकेक करून काट्यावर ठेवलं. लॅपटॉप १.९ किलो, चार्जर ४०० ग्रॅम, पाण्याची बाटली १.१, डबा ६००, रिकामी बॅग १.१ आणि कागद २.३ किलो. एवढे कागद कसे, असं वाटेल, पण ७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ए-फोर कागदाचं ५०० पानांचं रीम जवळजवळ तेवढंच भरतं आणि माझ्याकडे तेवढी पानं रोज असतात. एकूण साडेसात किलोच्या जवळपास. वय ४६, उजवा खांदा दुखतो, म्हणून एका खांद्यावरची बॅग नको असं फिजिओथेरपिस्टने बजावलं आहे.

आतापर्यंत पाहिलेलं: ऑफिसची आडवी लॅपटॉप बॅग. तिच्यात लीगल कागद आडवा छान बसतो, पण सगळा भार एका खांद्यावर. महागड्या लेदरच्या बॅगा दिसायला सुरेख, पण रिकाम्याच दोन किलोच्या पुढे. रेक्झिनची एक घेतली होती, दुसऱ्या उन्हाळ्यात पट्ट्याचे पापुद्रे सुटून पांढऱ्या शर्टाला चिकटायला लागले.

तर विचारायचं आहे ते असं. दोन्ही खांद्यांवर घ्यायची, वरून चौकोनी, तोंड पूर्ण उघडणारी बॅग कुणी वापरता का? खाली ठेवली की उभी राहणारी हवी, कारण रजिस्ट्रार ऑफिसात टेबल मिळत नाही, मांडीवर काम चालतं. बजेट अडीच ते चार हजार. आणि पाणी खरंच आत येत नाही हे दुकानात कसं ओळखायचं?

बडोद्याहून प्रतिसाद:

ताई, मी विम्याचा सर्व्हेअर, माझंही आयुष्य बॅगेतच चाललं आहे. कापडापासून सांगतो. लेबलवर ६०० डी, १६८० डी असं असतं, तो डी म्हणजे डेनिअर. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तर धागा जाड, कापड घासलं तरी लवकर झिजत नाही. पण त्यावरून पाण्याचं काही कळत नाही. पाणी अडवतो तो कापडाच्या आतल्या बाजूचा लेप, आणि लेप कितीही चांगला असला तरी शिलाईची भोकं आणि चेन उघडीच राहतात. तेव्हा दुकानात बॅगेचं अस्तर जिथे उघडतं तिथून आत बोट घालून शिवण चाचपून बघा. शिवणीवर पट्टी चिकटवलेली असेल तर बनवणाऱ्याने पाण्याचा विचार केला आहे. बहुतेक बॅगांत ती नसते.

चेन ५ नंबरची असेल तर घेऊ नका, मुख्य कप्प्याला ८ किंवा १० हवी. हा नंबर म्हणजे बंद चेनच्या दातांची अंदाजे मिलिमीटरमधली रुंदी. बॅग जुनी झाली की दात क्वचितच जातात, रनर सैल होतो. चेनवर कापडाची झडप आहे का, आणि ती दोन्ही टोकांना खालपर्यंत येते का, तेही पाहा. तुमच्याकडे जी फट राहिली ती झडप असती तर झाकली गेली असती.

एक चूक मी स्वतः केली आहे ती सांगतो. पावसाळी कव्हर घातलं म्हणजे झालं असं समजू नका. ते पाठीकडची बाजू झाकत नाही. स्कूटरवर मानेवरून, रेनकोटच्या पाठीवरून ओघळणारं पाणी बरोबर तिथूनच झिरपतं. त्यामुळे कागद पाठीला लागून असलेल्या कप्प्यात कधीच ठेवू नका. तिथे लॅपटॉप, मधे कागद, बाहेर डबा. बाटली तर बाहेरच्या जाळीतच.

इंदूरहून प्रतिसाद:

ट्रॉलीवाली छोटी बॅग का नाही घेत? खांद्याचा प्रश्नच मिटेल.

धागाकर्ती:

दादा, विचार केला होता. पण स्कूटरवर ती पायाशी नीट राहत नाही, आणि जुन्या इमारतींत दोन-दोन जिने उचलून न्यावी लागेल. त्यात चाकं आणि दांडीचंच वजन दीड-दोन किलो.

बडोद्याचे दादा, पाठीच्या कप्प्याचं अगदी पटलं. त्या दिवशी फाइल तिथेच होती, आणि मी सगळा दोष वरच्या फटीला देत बसले होते.

ग्वाल्हेरहून प्रतिसाद:

अगं, तुझ्या काकूंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझे सासरे लष्करात वकिली करायचे, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. त्यांचा मुन्शी प्रत्येक पक्षकाराचे कागद वेगळ्या सुती फडक्यात बांधून ठेवायचा, त्याला बस्ता म्हणत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागदही रुमालांत बांधलेले असतात, त्या गठ्ठ्यांना रुमालच म्हणतात. आपण मुलांच्या पाठीवरच्या पिशवीला दप्तर म्हणतो तो शब्दही मुळात कागदपत्रांचाच. म्हणजे बॅग कोणतीही घे, कागदाला त्याचं स्वतःचं आवरण हवंच.

आता प्लास्टिकचं. मी बत्तीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढली, तेव्हा हे पाहिलेलं सांगते. मऊ, लवचीक, वास येणारे पारदर्शक फोल्डर पीव्हीसीचे असतात. त्यांत झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट राहिली की उन्हाळ्यात अक्षरं प्लास्टिकला चिकटतात आणि कागद ओढताना उलटी उमटून निघतात. स्कूटरच्या डिकीत तर दुपारभरातही होऊ शकतं. पॉलिप्रॉपिलिनचे थोडे कडक, दुधी रंगाचे फोल्डर मिळतात, ते तसं करत नाहीत. पावसात कागद त्यात घाल, पण घरी आल्याबरोबर बाहेर काढ. कोंडलेला दमट कागद आठवड्याभरात बुरशी धरतो. आणि दुकानात एफसी म्हणजे फुलस्केप साइझ म्हणून देतील, त्यावर विसंबू नकोस. फुलस्केप लीगलपेक्षा आखूड असतो. पर्समध्ये एक कोरा लीगल कागद ठेव आणि तो घालून बघ.

आणखी एक. शाळेच्या मुलांसाठी २०२० च्या धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत सांगितलं आहे. तू साडेसात किलो नेतेस. बाटली आणि डबा वेगळ्या छोट्या पिशवीत घाल आणि स्कूटरच्या हुकाला अडकव. पावणेदोन किलो तिथेच उतरले.

इंदूरहून आणखी एक प्रतिसाद:

ताई, राणीपुऱ्यात बॅगांचे ठोकवाले बसतात ते माहीत असेलच. त्यांच्याकडे तयार माल घेऊ नका, बॅग शिवून देणारा कोण आहे ते विचारा. मी सॅम्पल नेण्यासाठी अशीच शिवून घेतली, चार वर्षं झाली. जुनी बॅग सोबत न्या, तोंडी सांगून उपयोग नाही. पट्टा जिथे बॅगेला जोडतो तिथे चौकोन करून त्यात फुलीची शिलाई घ्यायला सांगा. सगळ्यात आधी तिथेच उसवतं.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी राणीपुऱ्यात जाऊन आले. पर्समध्ये कोरा लीगल कागद, सोबत पॉलिप्रॉपिलिनचा फोल्डर आणि माझी जुनी बॅग.

तयार बॅगा पुन्हा पंधरा-वीस पाहिल्या. फोल्डर एकाच बॅगेत सरळ उभा राहिला, पण तिची चेन ५ नंबरची आणि झडप नाही. मग एका दुकानदाराने मागच्या गल्लीत शिलाईवाल्याकडे नेलं. त्याने फोल्डर हातात घेतला, मेजावर उभा केला, चारही बाजूंनी खडूने रेघ मारली आणि म्हणाला, "दीदी, दो-दो उंगल छोड़ देता हूँ." दोन महिन्यांत माझं म्हणणं पहिल्यांदा कुणाला तरी एका वाक्यात समजलं!

असं ठरलं: आतून ४० उंच, ३० रुंद, १६ खोल. वरून चौकोनी. लॅपटॉप उभा, पाठीच्या बाजूला. मधला कागदांचा कप्पा, त्याचं तोंड तिन्ही बाजूंनी उघडणारं, १० नंबरची चेन, वर झडप, आणि दोन रनरऐवजी एकच. तो बंद झाला की कडेला खाली जाऊन बसेल, मधे फट राहणारच नाही. बाहेर १६८० डी, आत पिवळं अस्तर, म्हणजे एखादा सुटा कागद राहिला तर चटकन दिसेल. २६०० रुपये, त्यातले ८०० आगाऊ दिले. डबा आणि बाटली ग्वाल्हेरच्या काकूंनी सांगितल्याप्रमाणे आजपासूनच हुकाला.

एक गोष्ट मात्र अडली आहे. बॅग उभी राहावी म्हणून तळाला काय घालायचं, असं तो विचारतोय. पातळ प्लायवूड आहे, सनबोर्ड (फोमची हलकी शीट) आहे आणि पॉलिप्रॉपिलिनची जाड शीट आहे. प्लायवूड ओलं झालं तर फुगेल अशी मला धास्ती, आणि सनबोर्ड पाच-सहा किलोच्या भाराखाली मधे मोडेल की काय ते कळत नाही. कुणी यातलं काही वापरलं आहे का? मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्याला फोन करायचा आहे.