क्वाश्नियेव्स्की १९९५ मध्ये जिंकले कसे?

नाशिक रोड: अभ्यासिकेत पोलंडवर टिपण काढतोय. कम्युनिस्ट सरकारात मंत्री राहिलेले क्वाश्नियेव्स्की तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लेक वालेसा यांना हरवून राष्ट्राध्यक्ष कसे झाले?

पंचवटी: तिथे पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं लागतात, नाहीतर पहिले दोघे पुन्हा लढतात. ५ नोव्हेंबरला क्वाश्नियेव्स्की ३५, वालेसा ३३ टक्के; १९ला दुसऱ्या फेरीत ५१.७ विरुद्ध ४८.३. आर्थिक सुधारणांच्या काळात बेरोजगारी वाढली, तो राग वालेसांना भोवला. शिवाय १९९० मध्ये जुना कम्युनिस्ट पक्ष विसर्जित झाल्यावर क्वाश्नियेव्स्कींनी नवा सोशल डेमोक्रॅट पक्ष बांधला होता. हा मुद्दा सोडूच नका.

सिडको: पदवीचा वादही घ्या. उच्च शिक्षण पूर्ण केल्याचा त्यांचा दावा खोटा निघाला, तरी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक वैध ठरवली.

पंचवटी: हो. पण १९९७ची राज्यघटना, १९९९ला नाटो, २००४ला युरोपीय संघ, सगळं त्यांच्याच कारकिर्दीत. टिपणात जास्त जागा यालाच द्या.