सापळे रिकामे झाले म्हणजे भुंगेरे संपले का?

प्रश्न:
स्कॉट्स पाइन या सूचिपर्णी झाडाच्या लागवडीत हिवाळ्यात विरळणी (दाटीतली काही झाडे तोडणे) झाल्यावर मी अल्फा-पायनीनचे, म्हणजे पाइनच्या राळेतल्या वासाच्या द्रव्याचे, आमिष लावलेले सापळे टांगले आणि दर आठवड्याला तपासत आलो. वसंतातल्या पहिल्या उबदार दिवसांत टॉमिकस पिनिपर्डा या सालभुंगेऱ्याची झुंबड उडाली, पण भर उन्हाळ्यात सापळ्यांत जवळपास काहीच सापडत नाही. यावरून त्यांची संख्या ओसरली असे लिहावे का? बुरशीचे नमुनेही याच वेळापत्रकाने घेतले तर चालेल का?

उत्तर १:
तसे कृपया लिहू नका. सापळ्यात सापडतात ते उडणारे भुंगेरे. वनात किती आहेत हे त्यावरून कळत नाही. उन्हाळ्यात सालीतून बाहेर पडणारी नवी पिढी जिवंत झाडांच्या शेंड्याकडे जाते आणि कोवळ्या फुटव्यांचा गाभा पोखरत तिथेच राहते. वाऱ्याने गळालेला एखादा हिरवा फुटवा उचलून पाहा, तो आतून पोकळ असतो आणि छिद्राच्या तोंडाशी राळेचे फिकट कडे साचलेले असते. जमिनीवर आखलेल्या ठरावीक चौरसांत असे गळालेले फुटवे मोजलेत, तर उन्हाळ्याची नोंद कोरी राहणार नाही.

उत्तर २:
बुरशीसाठी एकच वेळापत्रक पुरणार नाही. लेप्टोग्राफियम विंगफिल्डीसारखी लाकडात निळा डाग पाडणारी बुरशी भुंगेऱ्याच्या अंगावरून येते, म्हणून तिचे नमुने वसंतानंतर सालीखालच्या उभ्या बोगद्यांलगत घ्यावेत. मूळकूज करणाऱ्या हेटेरोबॅसिडिऑन या बुरशीचे बीजाणू मात्र वाऱ्याने ताज्या खुंटांवर पडतात आणि तिथून मुळांच्या संपर्कातून ती बुरशी शेजारच्या झाडात शिरते. उत्तर युरोपात गोठवणाऱ्या थंडीत हे बीजाणू फारच कमी असतात, म्हणून तिथे हिवाळी विरळणी खुंटांच्या दृष्टीने सुरक्षित ठरते. अमेरिकेच्या दक्षिण भागात याउलट कडक उन्हाळा सोयीचा, कारण तापलेल्या खुंटावर बीजाणू तग धरत नाहीत. उत्तर युरोपात उबदार हवेत तोड करावीच लागली, तर खुंटांवर लगेच युरियाचे द्रावण किंवा फ्लेबिओप्सिस जायगँटिया ही स्पर्धक बुरशी फवारतात.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. आमचे हिवाळ्यात तोडलेले ओंडके सालीसकट वसंतभर रस्त्याकडेला पडून होते, आणि त्यांची नोंद मी कुठेच केली नव्हती.

उत्तर २:
मग वसंतातली गर्दी त्याच ओंडक्यांवर अंडी घालायला उतरली असणार. खुंटांना मानवलेला हंगाम भुंगेऱ्यांना आयते घर देऊन गेला. पुढच्या खेपेस नवी पिढी बाहेर पडण्याआधी ओंडके वनाबाहेर हलवा किंवा सोलून घ्या, आणि ते हलवल्याची तारीख सापळ्यांच्या नोंदीशेजारीच लिहा.