मदत हवी आहे: मोडाफिनिलनं झोप उडते, मग कोकेनसारखी नशा का चढत नाही?

जळगावला बी.फार्मला आहे, सोमवारी सेमिनार. कॅफिन सोपं गेलं: ते अ‍ॅडेनोसिनच्या (झोप आणणाऱ्या रसायनाच्या) रिसेप्टरवर ठाण मांडतं, म्हणून रात्रीची लाइट असली की बाबा चहावर जागून केळीला पाणी देतात. घोडं अडलंय मोडाफिनिल या जागं ठेवणाऱ्या औषधापाशी. ते डोपामाइन ट्रान्सपोर्टर अडवतं, म्हणजे डोपामाइन हे मेंदूतलं रसायन परत पेशीत ओढून घेणारं प्रथिन. तो ट्रान्सपोर्टरच नसलेल्या उंदरांची झोप त्यानं उडत नाही, आणि २००९ च्या पेट स्कॅन अभ्यासात २०० मिलिग्रॅमवरही माणसाच्या मेंदूत डोपामाइन वाढलेलं दिसलं. पण कोकेनही तोच ट्रान्सपोर्टर अडवतं!

आमच्या पुस्तकात ‘यंत्रणा अस्पष्ट’ एवढीच ओळ. तिच्याखाली पेन्सिलीनं तीनदा रेघ मारून झाली. सर म्हणाले, ‘तोंडावाटे हळू चढतं म्हणून.’ पटलं, पण अर्धंच. (गोळी मला घ्यायची नाहीये, सल्ले नकोत. पैसे भरून वाचायचे पेपरही परवडत नाहीत.)

फरक नुसता वेगाचा आहे, की मोडाफिनिल ट्रान्सपोर्टरला चिकटतंच वेगळ्या ढबीनं?