मदत हवी आहे: विस्कॉन्सिनमध्ये युनियन खरंच करदात्यांच्या पैशावर चालतात का?

नमस्कार मंडळी,

मिलवॉकीजवळ राहतो. ऑफिसला जाता-येता गाडीत ए.एम. रेडिओवरचे उजव्या विचारांचे टॉक शो ऐकतो. बायको सरकारी शाळेत शिकवते, त्यामुळे तिथली बोलणी थेट आमच्या घरालाच लागतात!

निवेदकाचं पालुपद ठरलेलं: युनियन जनतेच्या पैशावर पोसल्या जातात आणि तोच पैसा डेमोक्रॅट्सच्या प्रचाराला जातो. फोन करणारेही त्याचीच री ओढतात. पण २०११ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या 'अ‍ॅक्ट १०' या राज्य कायद्याने शिक्षकांच्या पगारातून वर्गणी कापणं बंद झालं ना? सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या 'जेनस' निकालाने तर देशभर सरकारी कर्मचाऱ्यांवरची युनियनची सक्तीची फीही गेली. मग हा सरकारी पैसा कुठला? राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टसुद्धा सरकारी युनियनच्या विरोधात होते म्हणतात, ते खरं का?

आणि तातडीचं: शाळेत युनियनची मान्यता टिकवायची का, यावर दरवर्षी मतदान असतं. बायको म्हणते, यंदा मत देतच नाही. चालेल का?

प्रतिसाद १

तातडीचं आधी. मत न देणं म्हणजे विरोधात देणं. अ‍ॅक्ट १० प्रमाणे नुसत्या झालेल्या मतांचे नव्हे, तर त्या गटातल्या एकूण कर्मचाऱ्यांचे ५१ टक्के लागतात. वहिनींना युनियन नको असेल तर खुशाल घरी बसू दे. हवी असेल तर मत द्यायलाच हवं.

आता पैशाचं. निवेदक दोन गोष्टींची खिचडी करतो. वर्गणी कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या पगारातली. पगार करातून येतो म्हणून वर्गणीही सरकारी म्हणायची, तर वहिनींनी देवळात टाकलेली दक्षिणाही सरकारी अनुदानच झाली. पण 'ऑफिशियल टाइम' (पगारी वेळेत युनियनचं काम) धरला तर त्याची तक्रार निराधार नाही. १९७८ च्या कायद्याखाली येणारे केंद्र सरकारचे कर्मचारी पगारी वेळेत युनियनच्या प्रतिनिधीचं काम करू शकतात. सभासद नोंदणी, वर्गणी, युनियनच्या निवडणुका ही कामं मात्र त्या वेळेत चालत नाहीत. ट्रम्प यांनी २०१८ मध्ये या वेळेवर मर्यादा घातली, बायडन यांनी २०२१ मध्ये तो आदेश मागे घेतला. खरा वाद इथे आहे, वर्गणीत नाही.

प्रतिसाद २

रूझवेल्टचं पत्र खरं आहे, १९३७ चं. सामूहिक वाटाघाटी खासगी उद्योगात होतात तशा सरकारी नोकरीत आणता येणार नाहीत आणि सरकारविरुद्ध संप तर अजिबात खपणार नाही, असं त्यात आहे. पण संघटना करून आपलं म्हणणं मांडणं स्वाभाविक आहे, हेही त्याच पत्रात आहे. रेडिओवर तेवढं गाळतात.

रेडिओ-टीव्हीवरचं दोन्ही बाजू ऐकवायचं बंधन १९८७ मध्येच उठलं, पुढच्याच वर्षी उजव्या विचारांचे निवेदक रश लिंबॉ देशभर पोचले. तेव्हा समतोलाची अपेक्षा सोडा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. बायकोला ५१ टक्क्यांचं सांगितलं, मत देणार म्हणाली. बाजूने की विरोधात, ते मी विचारलं नाही. पोलीस आणि अग्निशमन दल अ‍ॅक्ट १० मधून का वगळले, यावर कोणी लिहील का? निवेदक तो विषय काढतच नाही.

प्रतिसाद १

डिसेंबर २०२४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्याच डेन काउंटीच्या न्यायाधीशांनी नेमक्या त्याच भेदभावावरून कायद्याची बरीच कलमं रद्द केली. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तो निकाल वाचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.