सदाफुलीच्या पानांचा रस केमोथेरपीसोबत द्यावा का?

गॅलरीतली कुंडी: नमस्कार. माझ्या आईला स्तनाच्या कर्करोगासाठी दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध दिले जाते आणि त्यासाठी आम्ही गिरगावातून परळला जातो. चाळीतल्या काकूंनी मोठ्या मायेने सांगितले, की कर्करोगाचे औषध सदाफुलीपासूनच करतात, तेव्हा रोज सात पाने वाटून अनशापोटी द्यावीत. आईने दोन दिवस तो कडू रस घेतला. तिच्या बोटांना आधीपासूनच मुंग्या येतात; हल्ली ब्लाउजचे हूकही लावता येत नाहीत. रस पुढे सुरू ठेवावा का?

औषधशास्त्र शिकवणारी: कृपया आजच थांबवा. काकूंचे म्हणणे निराधार नाही, कारण व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही औषधे सदाफुलीतूनच मिळाली आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिन आजही दिले जाते. परंतु एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात, पोटातून ते किती शोषले जाईल याचा भरवसा नसल्याने ते मोजून शिरेतूनच देतात, आणि त्याच पानांत शंभराहून अधिक इतर अल्कलॉइडे (वनस्पतीतली नायट्रोजनयुक्त रसायने) असतात. सात पानांतून नेमके काय व किती पोटात गेले, हे कोणालाच सांगता येणार नाही.

मुंग्यांचे कारणही इथेच आहे. पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन्ही टोकांना ओढणाऱ्या सूक्ष्मनलिका व्हिनक्रिस्टिन जुळूच देत नाही, तर पॅक्लिटॅक्सेल त्या सुटू देत नाही. मज्जातंतूंनाही याच नलिका लागतात, त्यामुळे दोन्ही औषधांनी बोटे बधिर होऊ शकतात. हूक लागत नाहीत ही गोष्ट डॉक्टरांना पुढच्या डोसच्या आधी अवश्य सांगा. त्यावरून ते मात्रा बदलू शकतात.

सह्याद्रीवासी: आईंना मिळणारे पॅक्लिटॅक्सेलही मूळचे झाडाचेच आहे. अमेरिकेतील पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतून मिळालेल्या या द्रव्याची रचना मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. वाणी आपल्या नंदुरबारचे आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले. औषध म्हणून त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९२ मध्ये. याच जोडीने १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे केलेले कॅम्पटोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारे द्रव्य आपल्या घाटातल्या नरक्या या झाडातही असते. त्याच्या सुरुवातीच्या चाचण्या विषारी परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या, आणि रेणूत फेरफार केल्यावरच टोपोटेकान व आयरिनोटेकान ही कर्करोगाची औषधे हाती आली. नरक्याची साल उकळून पिण्याचे सल्ले मीही ऐकले आहेत, म्हणून हे लिहिले.

गॅलरीतली कुंडी: दोघांचेही आभार. रस बंद केला आहे आणि त्या दोन दिवसांबद्दलही डॉक्टरांना सांगेन. हळदीच्या कॅप्सूलचे काय?

औषधशास्त्र शिकवणारी: आमटीतली हळद खुशाल चालू द्या. कॅप्सूलमधील कर्क्युमिनची, म्हणजे हळदीतल्या मुख्य द्रव्याची, मात्रा त्याहून पुष्कळ मोठी असते आणि शोषण वाढावे म्हणून अनेकींत मिरीतले पाइपरीन घातलेले असते, जे इतर औषधांचेही शोषण व विघटन बदलू शकते. त्यामुळे डबीच सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा. तोवर ती उघडू नये.